दोराच्या दुसऱ्या टोकाला

गो. नी. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, १९१६ सालचा. पुण्यातल्या ट्रेकिंगवाल्या मित्रांना हे सांगितलं की निम्मे जण फोन काढून तपासतात. राजमाची, राजगड, रायगड म्हटलं की ज्यांचं नाव आपोआप तोंडात येतं, ते गोनीदा वऱ्हाडातले, सातपुड्याच्या पायथ्याचे, हे त्यांच्या पचनी पडत नाही. परतवाड्यातून चिखलदऱ्याचा घाट सुरू होतो. घाटाच्या डोक्यावर गाविलगड. त्याच रांगेच्या कडेकडेनं पश्चिमेला सरकत आलं की अकोट लागतं, नरनाळा लागतो, आणि मग माझं गाव हिवरखेड. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की निळी रेघ दिसते, तोच सातपुडा.

मला सध्या गोनीदांची दोन पुस्तकं पुन्हा पुन्हा उघडावी लागतायत. ‘जैत रे जैत’ आणि ‘माचीवरला बुधा’. एकात कडा आहे, दुसऱ्यात झोपडी. आम्हा पाच मित्रांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. चौघं आयटीत, पुणे-हैदराबाद. पाचवा गावात, वावर बघतो. जमेल तेव्हा आम्ही तैलबैला किंवा ड्यूक्स नोजला दोर लावतो, आणि गेले दोन हिवाळे गावातल्या मित्राच्या वावरात एक खोली बांधतोय. बारा बाय पंधरा फूट, वर टिन, पुढे ओटा. इन्स्टाग्रामवर अशा खोलीला ‘केबिन’ म्हणतात. मित्रांनी मिळून जंगलात केबिन बांधली, साठ सेकंदांत पाया ते छप्पर, खाली गिटारचं संगीत, असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. त्या रील्सनी आमच्या डोक्यात जे भरलं होतं ते उतरवायला मला गोनीदांची मदत झाली. पण गोनीदांशी माझं भांडणही आहे. हा लेख दोन्हींबद्दल.

आधी कडा.

‘जैत रे जैत’ची गोष्ट कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना अंगठ्यासारखा वर आलेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्याच्या कपारींत आग्या मोहोळ असतं आणि तिथं गेलेल्या क्लाइंबर्सना त्याची चांगली ओळख असते. गोष्टीतला नाग्या ढोल वाजवणारा. लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीनं त्याचा एक डोळा घेतला, म्हणून त्याचं तिच्याशी वैर. वैरापायी तो कडा चढतो. १९७७ साली जब्बार पटेलांनी यावर चित्रपट केला. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं.

चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, तो गाणी सांगेल. घरोघरी ती माहीत आहेत, माझ्या आईला सगळी पाठ आहेत. मात्र कडा कुणालाच आठवत नाही. गाण्यांनी कडा खाल्ला, असं माझं मत आहे. आणि त्यासोबत गोष्टीतली सर्वांत अवघड गोष्टही खाल्ली. नाग्याचा सूड पुरा होतो, जैत होते, पण चिंधी उरत नाही. माशांच्या डंखांनी ती जाते. हट्ट त्याचा होता, किंमत तिनं मोजली. शीर्षकात विजयाची आरोळी आणि गोष्टीच्या शेवटी मढं, अशी ही रचना आहे. गाणी ऐकून वाढलेल्या आमच्या पिढीला त्या आरोळीतला उपरोध ऐकू येत नाही.

क्लाइंबिंग करणाऱ्याला तो लगेच ऐकू येतो. आमच्याकडे पहिला माणूस लीड करतो. दुसरा खाली उभा राहून बिले देतो, म्हणजे दोर सोडत आणि आवळत राहतो. वरचा पडला तर झटका खालच्याला बसतो. सह्याद्रीचा दगड म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक रचलेले. मधल्या थरात गवत, घसारा, सुटे दगड. वरच्यानं पकडलेला दगड हातात आला तर तो खालच्याच्या डोक्यात जातो. फोटो मात्र वरच्याचा निघतो. मराठीतलं डोंगरांवरचं बहुतेक लेखन हे वरच्याचा फोटो असतं. ‘जैत रे जैत’ त्यातला अपवाद आहे, कारण गोनीदा दोराचं दुसरं टोक विसरत नाहीत. चिंधी त्या टोकाला आहे. आजचा एखादा क्लाइंबिंग व्लॉग पाहा, बिले देणाऱ्याचं नाव कॅप्शनमध्येही नसतं.

जाता जाता एक सांगतो. वऱ्हाडातली सर्वांत नीट नोंदलेली चढाई गाविलगडची आहे. १५ डिसेंबर १८०३. आर्थर वेलस्लीच्या फौजेनं बाहेरचा किल्ला फोडला, पण आतल्या तटाशी अडकली. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी ९४व्या रेजिमेंटची लाइट कंपनी घेऊन दरीतून वर चढला, तटाला शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. तट राखणाऱ्यांपैकी वर काय झालं हे सांगणारं कुणी आमच्या वाचनात नाही. ही नोंदही वरच्याचा फोटोच.

आता झोपडी.

‘माचीवरला बुधा’ हे छोटं पुस्तक आहे, एका रात्रीत संपतं. मुंबईत आयुष्य काढलेला म्हातारा बुधा राजमाचीवर, आपल्या मूळ जागी परत येतो. खोपट उभं करतो, झाडं, जनावरं, पाखरं यांच्या सोबतीनं राहतो, आणि तिथंच संपतो. बस. कथानक म्हणून एवढंच. पण गोनीदांनी माचीवरचा वारा, पाऊस, गवत असं लिहिलंय की पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लॅपटॉप मांडीवर असताना, गवताचा वास येतो. मराठीत हे फार थोड्यांना जमलंय.

माझी तक्रार पुस्तकापेक्षा ते आपण कसं वाचतो याबद्दल जास्त आहे. आपण बुधाला संन्यासी करून टाकलंय. शहराला कंटाळलेल्या माणसाचा आदर्श. माझ्या ऑफिसात दोघंतिघं आहेत, ज्यांना रिझाइन करून ‘बुधासारखं’ राहायचंय. पण बुधा कुठं नवीन गेलाच नाही, तो परत गेला. त्याला माचीवरचं कुठलं झाड कुठं आहे ते आधीपासून ठाऊक होतं. तो तिथलाच, म्हणून त्याचं खोपट हे घर आहे. आपण तिथं जाऊन बांधू ते फार्महाउस. आज राजमाचीच्या पायथ्याशी उधेवाडीत मे-जूनमध्ये काजवे बघायला किती गर्दी लोटते, ते जाऊन आलेल्यांना विचारा. त्या गर्दीतल्या अनेकांच्या बॅगेत ‘बुधा’ असतो. माझ्याही होता.

आणि गोनीदांशी भांडण हे, की त्यांनी बुधाला फार एकटं ठेवलंय. पुस्तकात माणसं कमी आणि झाडं-जनावरं जास्त. निसर्ग बुधाला जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर देतो, आणि गोड देतो. शेती करणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही. आमच्याकडे निसर्ग म्हणजे रात्रीतून अर्धा एकर हरभरा साफ करणारे रोही, आणि ऐन कापूस फुटल्यावर येणारा पाऊस. बुधाच्या खोपटाला भिंत घालायला हात लावणारा दोस्त असता, त्याच्याशी भांडण झालं असतं, हिशेब झाला असता, तर पुस्तक थोडं कमी सुंदर झालं असतं आणि मला जास्त उपयोगी पडलं असतं.

झोपडीच्या सगळ्या गोष्टींचा आजा म्हणजे थोरो. दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. थोरोची खोली दहा बाय पंधरा फूट, म्हणजे आमच्यापेक्षा दोन फूट अरुंद. जागा त्याचा मित्र इमर्सन याची. कुऱ्हाड उसनी आणलेली. सांगाडा उभा करायला ओळखीपाळखीचे लोक आलेले. ४ जुलै १८४५ला तो राहायला गेला आणि दोन वर्षं दोन महिने राहिला. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, एकेका खिळ्याचा हिशेब दिलाय. आम्ही गूगल शीटवर जो हिशेब ठेवतो त्याचा हा मूळपुरुष.

त्या हिशेबात एक ओळ आहे. फळ्या त्यानं जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वेमजुराची खोपटी विकत घेऊन मिळवल्या. सव्वाचार डॉलर. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंब आपलं गाठोडं घेऊन वाटेला लागलेलं थोरोला दिसलं, त्यानंतर त्यानं खिळे उपटले आणि फळ्या उन्हात वाळवल्या. थोरो हे लपवत नाही, पण तिथं थांबतही नाही. साध्या राहणीवरचं जगातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक ज्या भिंतींच्या आत घडलं, त्या भिंती एका खरोखरच्या गरीब कुटुंबाचं घर मोडून आल्या होत्या. ते कुठं गेले, पुस्तक सांगत नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या उत्तरेची निळी रेघ आठवली. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशी आतली गावं उठवून अकोट तालुक्याच्या सपाटीवर वसवली. जमीन आणि सोयी कबूल केल्या तशा मिळाल्या नाहीत, असं सांगत त्यातले काही लोक पुन्हा जंगलात परतले. जानेवारी २०१९मध्ये केलपाणीजवळ त्यांची वनखात्याच्या आणि पोलिसांच्या पथकाशी मोठी झटापट झाली, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. परत आपल्या माचीवर गेलेले हे खरे बुधा. त्यांच्यावर कादंबरी लिहिलेली मी तरी वाचली नाही. आणि मी, ज्याचे आजोबा-पणजोबा सपाटीवरचे, त्याच डोंगराकडे तोंड करून ओटा बांधतोय, संध्याकाळचा चहा घेताना ‘व्ह्यू’ दिसावा म्हणून. वाघासाठी जंगल मोकळं करू नये असं मी म्हणत नाही. नरनाळ्याला आम्हीही दिवसा जातो आणि अंधाराच्या आत खाली येतो, कड्यांना हात लावत नाही, आणि हा नियम बरोबरच आहे. मला एवढंच दिसतं की डोंगरातली झोपडी एकाला स्वप्न म्हणून मिळते आणि दुसऱ्याकडून अतिक्रमण म्हणून काढून घेतली जाते, आणि या विषयावरचं आपलं सगळं सुंदर लेखन पहिल्याच्या बाजूनं लिहिलेलं आहे.

मित्रांनी मिळून घर बांधण्याची मी पाहिलेली सर्वांत प्रामाणिक गोष्ट इटलीची निघाली. पाओलो कोन्येत्तीची कादंबरी ‘द एट माउंटन्स’ २०१६ची. २०१७ साली तिला इटलीतला मोठा स्ट्रेगा पुरस्कार मिळाला. २०२२चा तिच्यावरचा चित्रपट कान महोत्सवात ज्युरी प्राइज विभागून घेऊन आला. जवळजवळ अडीच तासांचा आहे, सबटायटल लावून बघावा लागतो, आणि फोनवर चक्क चांगला दिसतो, कारण चौकट जवळपास चौकोनी आहे. डोंगर रुंद दिसण्याऐवजी उंच दिसतात. पोस्टकार्डसारखं काही वाटत नाही.

पिएत्रो शहरातला, ब्रूनो डोंगरातल्या गावातला. सुट्टीत भेटणारे दोन पोरं. मोठेपणी पिएत्रोचे वडील वारतात आणि डोंगरात वर एक पडकं घर त्याच्यासाठी ठेवून जातात. ब्रूनोनं त्यांना शब्द दिलेला असतो की ते मी बांधीन. एका उन्हाळ्यात दोघं ते बांधतात. ब्रूनो गवंडी आहे, पिएत्रो हरकाम्या. हा भाग मी चार वेळा पाहिलाय. खच्चरावरून सामान वर येतं, दगड निवडले जातात, बर्फ पडायच्या आत छप्पर घालायची घाई. बोलणं जवळजवळ नाही. ज्याला येतं तो सांगतो, ज्याला येत नाही तो उचलतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. आम्हा चौघांकडे इंजिनिअरिंगची डिग्री, एकालाही ओळंबा धरता येत नव्हता. गावातला मित्र आणि मिस्त्री दोघं भिंत बघायचे, आम्ही रेती चाळायचो आणि विटा भिजवायचो. ऑफिसात मी सात जणांच्या टीमला कामं वाटून देतो. वावरात मला ‘ते घमेलं आण’ सांगणारा माझा मित्र होता, आणि मैत्रीत इतका मोकळेपणा मला पूर्वी कधी वाटला नव्हता. चित्रपटानं हे पकडलंय. रील्सना ते दिसत नाही, कारण साठ सेकंदांत सगळ्यांचे हात सारखेच चालताना दिसतात.

एका प्रसंगात शहरातले पाहुणे निसर्गाबद्दल बोलायला लागतात आणि ब्रूनो त्यांची खिल्ली उडवतो. त्याचं म्हणणं असं की ‘निसर्ग’ हा शब्द तुमचा, आम्ही झाड म्हणतो, ओढा म्हणतो, कुरण म्हणतो, ज्याकडे बोट दाखवता येईल ते. गोनीदांच्या निसर्गाला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर. आमच्या मित्राला केबिन हा शब्द असाच हास्यास्पद वाटतो. त्याच्या मते आम्ही जे बांधतोय त्याला वऱ्हाडात आधीपासून नाव आहे. जागलीची झोपडी. रब्बीत रोही आणि रानडुकरं हाकायला पोरं रात्री वावरात जातात, त्याला जागल म्हणतात. दोनचार चुलतभाऊ मिळून चार बल्ल्या रोवतात, वर पऱ्हाट्या आणि ताडपत्री टाकतात, खाली शेकोटी. मित्रांनी मिळून बांधलेली केबिन ती हीच, फक्त तिथं कुणी विश्रांतीला जात नाही. आमच्या खोलीचा उपयोगही शेवटी तोच होणार आहे. आम्ही चौघं वर्षातून चार वेळा येऊ, तो तीनशे रात्री काढील.

चित्रपटाचा उत्तरार्ध इथंच बोचतो. पिएत्रो नेपाळला जातो, भटकतो, लिहितो. तिथं त्याला मेरू पर्वताची गोष्ट कळते, मध्ये सुमेरू आणि भोवती आठ पर्वत, आठ समुद्र. कोण जास्त शिकला, आठ पर्वत हिंडलेला की सुमेरू चढलेला? पिएत्रो हिंडणारा, ब्रूनो एकाच ठिकाणी राहिलेला. नेपाळचे हे प्रसंग मला कंटाळवाणे वाटले, कॅलेंडरसारखे. मेरू लहानपणापासून ऐकलेल्या आपल्यासारख्यांना त्या दृष्टांताचं अप्रूपही वाटत नाही. खालच्या गोष्टीत मात्र दम आहे. ब्रूनो गाई घेतो, चीज करतो, लग्नासारखा संसार मांडतो. धंदा बुडतो, कर्ज अंगावर येतं, लारा मुलीला घेऊन निघून जाते. तो हिवाळ्यात वरच्या घरात एकटा राहतो आणि बर्फात नाहीसा होतो.

इंग्रजीत मी वाचलेली बहुतेक परीक्षणं याला मैत्रीची, पुरुषांच्या अबोलपणाची, पर्वतांची गोष्ट म्हणतात. मीही तशीच पाहिली होती. गेल्या डिसेंबरात जागलीवर मित्राला फोनवर लावून दिली, आणि त्याचं परीक्षण वेगळं निघालं. ब्रूनो गाई घेतो तिथंच त्यानं ती थांबवली. ‘‘चीज त्याचं, भाव दुसऱ्याचा. मंग काय होईन?’’ पुढचं त्यानं न बघता सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. कपाशीचा भाव ठरवणारा माणूस त्यानं कधी पाहिलेला नाही. अकोला-अमरावतीत कर्जापायी जीव देणाऱ्यांच्या बातम्या आम्ही शाळेत असल्यापासून वाचतोय. त्याच्या लेखी हा चित्रपट आल्प्सचा नव्हताच. ब्रूनो बर्फात मुद्दाम राहिला की अडकला, हे चित्रपट सांगत नाही. परीक्षणं त्याला काव्यात्म मोघमपणा म्हणतात. मित्र म्हणाला, ‘‘आपल्याकडे पंचनामा करनारे बी असंच मोघम लिवतात.’’

ब्रूनोच्या घरी शेवटी शेवटी कोण जात होतं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पिएत्रो, अधूनमधून. पण तोही परतायचाच. त्यावर तो काही बोलला नाही. मग लारा आणि तिच्या मुलीबद्दल विचारलं, तेव्हा मला कळलं की दोघा मित्रांवर कॅमेरा इतका लुब्ध आहे की त्या दोघींचं पुढे काय झालं, हे मी चार वेळा पाहूनही मनात आणलं नव्हतं. त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. चिंधीची जागा इथं लाराला दिलेली आहे, फक्त गोनीदा चिंधीला गोष्टीच्या मध्यावर ठेवतात आणि हा चित्रपट लाराला दरवाज्यातून बाहेर जाऊ देतो. कोन्येत्ती पिएत्रोच्या तोंडून सांगतो, त्यामुळे जे पिएत्रोला दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. नाग्याची गोष्ट नाग्यानं लिहिली नाही, बुधाची बुधानं नाही, कॉलिन्सची तर कुणीच नाही. हा लेखही मीच लिहितोय, तो नाही. त्याला मी विचारलं होतं, तर म्हणाला, तूर काढायची आहे.

शेवटचा प्रश्न त्यानं असा विचारला, ‘‘थ्या वरच्या घराचा सातबारा कोनाच्या नावानं होता?’’

मी सांगितलं, पिएत्रोच्या. बापानं त्याच्याचसाठी ठेवलं होतं. बांधलं ब्रूनोनं, शेवटी राहिला ब्रूनो, नावावर पिएत्रोच्या.

‘‘आपली खोली माह्या बापाच्या नावावर हाये,’’ तो म्हणाला, आणि टॉर्च घेऊन उठला, कारण शेजारच्या वावरातून रोही आल्याची हाळी आली होती.